नासायला हवी होती ती बाटली

माझी धाकटी बहीण रक्ततपासणीची किट बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होती. किटमध्ये बफर नावाचं पाण्यासारखं द्रावण असतं. ते नासू नये म्हणून त्यात अझाईड घालत. अझाईड म्हणजे जालीम विष. शिवाय वापरलेलं द्रावण मोरीत ओतत राहिलं, तर ते धातूच्या पाइपात साचून एखाद्या दिवशी स्फोटही व्हायचा. निवृत्तीआधी लोक घराला रंग काढतात. हिला हे विष काढून साधं प्रिझर्व्हेटिव्ह आणायचं होतं.

चाचणी सहा महिन्यांची, निवृत्तीला सहा महिने वीस दिवस. तीन बाटल्या भरल्या. एकीत जुनं विष, दुसरीत नवं औषध, तिसरीत काहीच नाही. तिन्हींत मुद्दाम जंतू सोडले. तिसरी चार दिवसांत गढूळ व्हायला हवी होती. दहाव्या दिवशीही ती आरशासारखी स्वच्छ होती.

साहेबांना आनंद झाला. नवं औषध टिकलं, आणखी काय हवं, असं त्यांचं म्हणणं. बाटली नासली नाही म्हणून तोंड पाडून बसलेली बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

"साहेब, या पाण्यात काहीच नासत नाही," धाकटी म्हणाली. "मग आपण तपासतोय काय?"

पाणी येतं कुठून, याचा ती तीन दिवस माग काढत राहिली आणि शेवटी गच्चीवर टाकीवाल्या काकांपाशी पोचली. शुद्ध पाण्याची टाकी त्यांच्या ताब्यात. दर सोमवारी ते तीत चिमूटभर अझाईड टाकत. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या टाकीला डाग लागू नये, एवढीच इच्छा. सगळ्याच बाटल्यांत अझाईड पडत असल्यामुळे ही चिमूट कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

"ताई, एकोणीस वर्षांत बुळबुळ धरली नाही," काका छाती काढून म्हणाले.

मी असतो तर ओरडलो असतो. धाकटीनं आधी टाकीची तारीफ केली, ती खरीच होती, आणि मग काय झालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून टाकी रिकामी करायला घेतली. पाणी मोरीत सोडायचं नव्हतं, पिंपात भरायचं होतं. टाकी, नळ्या, बाटल्या, सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सात आठवडे गेले. म्हणजे निकाल आता निवृत्तीनंतर लागणार होता.

मी म्हटलं, जाऊ दे, ती तिसरी बाटली विसरून अहवाल लिहून टाक. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आपल्यातच एखादा जंतू वाढतोय असं मला वाटलं.

नव्या चाचणीच्या चौथ्या दिवशी तिचा फोन आला. घरात बाळ झाल्याची बातमी द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "दादा, नासली."

नव्या औषधाची दुसरी बाटली शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. किटमधलं विष गेलं. अहवालावर सही मात्र नव्या केमिस्टची आहे, कारण शेवटची नोंद झाली तेव्हा धाकटी नोकरीत नव्हती. तिची सही फाटकावरच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये सापडते. सलग सहा सोमवार, भेटीचं कारण : बाटली बघणे. कुणाला भेटायचं, या रकान्यात सहाही वेळा टाकीवाले काका.