मागची सीट पाडली तर

डिकीचं दार अर्ध्यावर आलं, टुंई टुंई ओरडलं आणि पुन्हा वर गेलं. चौथ्यांदा.

"अगं, जरा आत ढकल ना!"

"कुठे ढकलू? माझ्या डोक्यात?"

आत आडवी पडली होती बबडीची फ्रेम. चार वर्षांच्या पोरीला उभं राहायला आधार देणारी, चार चाकांची, धड घडी होत नाही की सुटी होत नाही. अकरा वाजता फिजिओथेरपीच्या केंद्रात फ्रेमची उंची वाढवायची होती, आणि छातीचा पट्टा मोकळा सोडून बबडीला आज पहिल्यांदा तिच्यात उभं करणार होते. वेळ हुकली तर पुढची दीड महिन्याने. बबडीच्या आईने या दिवसाकडे वर्षभर डोळे लावले होते. आणि आता दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आजवर ही फ्रेम टेम्पोवाल्या काकांनी वाहिली. मागे फ्रेम, पुढे काका आणि मायलेकी. बबडीच्या बाबाला ते खुपायचं. "एकदा मोठी गाडी आली की टेम्पोची कटकट संपली," म्हणत त्याने गाडी आणली ती चार सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी. आणण्याआधी पठ्ठ्याने टेप घेऊन फ्रेम दोनदा मोजली होती. शोरूममधल्या सेल्समनने बटण दाबलं, मागची सीट गुपचूप आडवी झाली, आणि डिकीचं मैदान झालं. किती लिटरची डिकी, तेही त्याने सांगितलं.

"लिटर? त्यात काय दूध भरायचंय?" ती तेव्हाच म्हणाली होती.

याने मोजलं, चार बोटं जागा उरली, स्वारी खूश. बबडी त्या दिवशी घरी झोपली होती.

"सीट पाडू या ना मग," आता तो म्हणाला.

"पाड. आणि बबडीला बसव टपावर."

त्याची नजर मागच्या सीटवर, तिथे पट्ट्याने बांधलेल्या बबडीच्या खुर्चीवर गेली. सगळं मोजलं होतं गड्याने, फक्त जिच्यासाठी मोजलं तिचीच जागा आडवी पाडून.

"बाबा, मी टपावर?" बबडीने आशेने विचारलं.

कुणी हसलं नाही. मागची काच घसरगुंडीसारखी उताराची, त्यामुळे फ्रेम उभी राहीना. डिकीच्या तळाखाली स्पीकरचं धूड, त्यामुळे तळ वर आलेला. तिने डिकीतली फळी उपसून काढली, बबडीच्या खुर्चीपुरती सीट ठेवून उरलेली पाडली, फ्रेम तिरकी सारली आणि ड्रायव्हरशेजारची सीट पार डॅशबोर्डाला भिडवली. दार लागलं. गाडीत दोघांची जागा उरली. एक बबडी, एक चालवणारा.

"तू जा," तो हळूच म्हणाला. "तुलाच तर बघायचं होतं."

बघायचं होतंच तिला, पण उपयोग काय? या गाडीला नुसता पाय लावला की ती उडी मारायची. गल्लीच्या पुढे तिने ती कधी नेली नव्हती. मागे मुलगी आणि तिरकी फ्रेम घेऊन आजच शिकायचं?

तिने काकांना फोन लावला. ते कुणाचं तरी कपाट उतरवत होते. अर्धा तास तरी लागेल, म्हणाले.

"जा तूच," ती म्हणाली. "आधी कमरेचा निळा पट्टा, मग गुडघ्यांचे. रडली तर घाई करू नकोस, आणि..."

"अगं, माझीच मुलगी आहे ती."

"मुलगी तुझी. पट्टे तू कधी बांधलेस?"

त्याने मान खाली घातली आणि गाडी काढली. चार सेकंदांत शंभर गाठणारी ती गाडी कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गोगलगायीसारखी चढली, कारण मागे फ्रेम खडखडत होती. ती रस्त्यात उभी, काखेत डिकीची फळी. रागाने तिचे कान तापले होते. फळी फेकून द्यावी तर तीही महागाची!

काका अकराला आले. "सामान कुठाय ताई?"

"मीच."

काकांनी तिला पुढे बसवलं. फळी मागे ठेवली. तेवढ्या मोठ्या रिकाम्या टेम्पोत ती फळी एकटीच इकडून तिकडे घसरत राहिली.

"काका, जरा दामटा ना."

"दामटतोच आहे. हा चाळीसच्या वर जात नाही."

दुसऱ्या सिग्नलला फोन वाजला. नवरा कुजबुजत होता, "निळा आधी ना? डावीकडून?"

"उजवीकडून! बोट आत जाईल इतका सैल ठेव. बबडी रडतेय का?"

"नाही. थांब, थांब हं..."

मग नुसती खुडबुड, थेरपिस्टबाईंचा आवाज, कुणीतरी "सोडा, छातीचा पट्टा सोडा आता" म्हणालं, आणि बराच वेळ काहीच नाही. तिने फोन कानात रुतेल इतका दाबला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"आई!" बबडीचा आवाज आला, धापा टाकत. "आई, मी बाबाच्या खिशाएवढी आहे!"

तिला हसू आलं आणि रडूही. खिसा कुठला, शर्टाचा की पॅन्टचा, एवढंसुद्धा तिला दिसत नव्हतं.

"काय झालं ताई?"

"उभी राहिली."

"अरे वा! मग रडता कशाला?"

"मी इथे आहे म्हणून," ती म्हणाली, आणि फोनमध्ये ओरडली, "बबडे, मी येईपर्यंत उभी राहशील?"

"किती वेळ?"

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग पटकन स्टिअरिंग धरलं.

"दहा मिनिटं."

"बाप रे," बबडी म्हणाली. "मग मी आत्ता बसते. तू आलीस की परत उठेन."