पडदा मात्र स्पष्ट

"तीन चष्मे झाले, तीन!" काउंटरसमोरच्या बाकावर बसलेल्या काकू पर्सच्या बंदाशी चाळा करत स्वतःशीच पुटपुटत होत्या. "एक जवळचा, एक लांबचा आणि एक म्हणे दोन्हीचा. एकानेही दिवा लावला नाही. आणि इथे येऊन बसायचं, तर खुर्ची म्हणावी अशी एक वस्तू नाही."

शेजारी काका बसले होते. ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करायची कला चाळीस वर्षांच्या संसाराने त्यांना चांगली अवगत झाली होती. मांडीवरच्या काळ्या बॅगेवर दोन्ही हात ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर कंपनीचं पोस्टर होतं. त्यात एक चिमुरडी हसत होती आणि तिची पापणीन् पापणी मोजता येत होती.

आतल्या खोलीत बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तपासणीची खोली आणि काउंटर यांच्यामध्ये फक्त एक कापडी पडदा, त्यामुळे बाहेर कुणी उसासा टाकला तरी आत ऐकू यायचा. काकूंचा आवाज बाईंनी लगेच ओळखला. ही त्या दोघांची तिसरी फेरी.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या या सेंटरमध्ये बाईंना बावीस वर्षं झाली होती. सगळे त्यांना ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. काउंटर सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ त्यातलाच एक. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. एरवी तो रेडिओ. एकदा सुरू झाला की बटण सापडत नसे.

तोच आता पडदा सारून आत आला. "ताई, तुमचे नाटकवाले काका आलेत. चार नंबर देऊन वाटेला लावू?"

या चार नंबराचं असं, की तक्रारींना काय उत्तर द्यायचं ते कंपनीच्या मुख्य कचेरीने छापूनच पाठवलं होतं. एक नंबर : आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. दोन नंबर : नवं सॉफ्टवेअर टाकून पाहावं. तीन नंबर : आपला कॅमेरा निर्धारित मर्यादेत काम करत आहे. आणि चार नंबर : फोकसचा बिंदू कसा निवडावा हे कृपया माहितीपुस्तिकेतून समजून घ्यावं. म्हणजे साध्या भाषेत, चूक तुमची. 'दोष' हा शब्द तर सेंटरमध्ये उच्चारायचाच नव्हता. 'निरीक्षण' म्हणायचं. एखादा कॅमेरा उघड उघड धूर सोडत आला असता तरी रेडिओने 'धुराचं निरीक्षण' असंच लिहून घेतलं असतं. बाईंचे यजमान कंबर धरून घरी पडलेले असायचे. दुखतंय का विचारलं की तेही हल्ली म्हणत, "निर्धारित मर्यादेत दुखतंय."

"आज काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"आज तक्रार नाहीच. दाखला हवाय. कॅमेरा ठणठणीत आहे असा." रेडिओने बॅग टेबलावर ठेवली आणि आवाज उतरवला. त्याचा आवाज उतरला की समजावं, काहीतरी बिनसलंय. "विकतायत, ताई. धंदा बंद."

बाईंनी कॅमेरा बाहेर काढला. नवाकोरा वाटावा असा जपलेला. गळ्यात घालायच्या पट्ट्याला काकूंनी आतून मऊ कापड शिवलं होतं, मान घासू नये म्हणून.

काका तीस वर्षं नाटकांचे फोटो काढत होते. पडदा वर गेला की खाली पडेपर्यंत अंधारात एका जागी उभं राहायचं आणि पिवळ्या उजेडात माणसांचे चेहरे टिपायचे. हेच त्यांचं काम, आणि या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुना कॅमेरा थकला, म्हणून मागच्या वर्षी त्यांनी हा नवा घेतला. पहिल्यांदा सेंटरमध्ये आले तेव्हा त्यांनी फोटोंचा गठ्ठाच बाईंपुढे ठेवला होता. फोटोत राजा पुसट, राणी पुसट, आणि मागच्या पडद्याची वीण न् वीण स्पष्ट. "चौकट हिरवी होते हो," ते म्हणाले होते, "टिक् असा आवाजही येतो. फोकस लागला असं कॅमेरा मला स्वतः सांगतो. मग मी बटण दाबतो."

बाईंनी तो टेबलावर तपासला होता. तपासणीचं टेबल म्हणजे शस्त्रक्रियेचंच टेबल : वर चार पांढऱ्याशुभ्र नळ्या, समोर तिरपी ठेवलेली छापील पट्टी. पट्टीच्या शून्यावर नेम धरायचा, फोटो काढायचा, आणि शून्यच स्पष्ट आलं का बघायचं. दहापैकी दहा वेळा आलं. पण बाईंना राहवेना. या उजेडात कुणी नाटक करतं का? त्या कॅमेरा घेऊन मागच्या कोठीत गेल्या. तिथे एकुलता एक पिवळा दिवा. सुट्या भागांचे दोन खोके त्यांनी एकामागे एक, वीतभर अंतराने मांडले आणि पुढच्या खोक्याच्या चिठ्ठीवर नेम धरला. चौकट हिरवी झाली. टिक् वाजलं. फोटोत मागच्या खोक्याची चिठ्ठी स्पष्ट. दहापैकी दहा वेळा.

मग त्यांनी त्याच जातीचे, निरनिराळ्या गिऱ्हाइकांचे आणखी तीन कॅमेरे नेऊन पाहिले. तीनही तसेच. अंधुक पिवळ्या उजेडात कॅमेरा पुढच्या माणसाला सोडून मागच्या भिंतीला धरत होता आणि वर टिक् करून खोटी ग्वाही देत होता.

बाई सेंटरच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उठून स्वतः दार लावलं आणि विचारलं, "तपासणी कुठे करायची, पत्रकात काय लिहिलंय?"

"टेबलावर."

"मग तुम्ही कोठीत काय करत होतात?"

बाईंनी कोठीत काढलेले फोटो त्यांच्यापुढे ठेवले. वर कळवू, साहेब म्हणाले. आणि त्यांनी कळवलंही. वरून नवं सॉफ्टवेअर आलं. ते टाकल्यावर टिक् आवाज थोडा गोड झाला. बाकी सगळं जिथल्या तिथे. बाईंनी काकांच्या कागदावर 'निर्धारित मर्यादेत' असं लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या खेपेलाही तेच लिहिलं, तीच सही. त्या दिवशी काकांनी कागद वाचून मान हलवली होती आणि शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे माझीच नजर गेली म्हणायची का?" बाईंनी बॅगेची चेन लावून दिली होती.

आज पडदा सारून साहेबच आत आले. "ऐकलं ना? दाखला देऊन टाका. अहो, गिऱ्हाईक स्वतःच म्हणतंय कॅमेरा चांगला आहे. असं गिऱ्हाईक शोधून सापडेल का?" ते हसले. मग बाईंचा चेहरा बघून हसू आवरत म्हणाले, "टेबलावरची तपासणी. तेवढंच. आपल्याला नोकऱ्या आहेत, ताई."

बाईंनी नळ्या लावल्या. पट्टीच्या शून्यावर नेम. दहापैकी दहा. दाखल्याचा कोरा कागद, पेन आणि कॅमेरा घेऊन त्या बाहेर काउंटरवर आल्या. गिऱ्हाइकाच्या देखत नंबर उतरवून सही करायची, अशी सेंटरची रीत होती.

काका उठले. उठताना त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकापासून काउंटरपर्यंतच्या चार पावलांत पाय चाचपून टाकला.

"जिनाही असाच उतरतात हल्ली," काकू बाईंना म्हणाल्या. "संध्याकाळनंतर वाचायचं बंद. रस्ता ओलांडायचा तर मी हवी. नाहीतर कधी माझा हात धरला असेल तर शपथ!"

"मग आता धरला तर बिघडलं कुठे?" रेडिओने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"डॉक्टर म्हणाले, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत," काकू म्हणाल्या. "तर यांनी डॉक्टरच बदलला."

"अगं, मन राखायला म्हणतात तसं," काका म्हणाले. "डोळे उत्तम असते तर हे झालं असतं का?" त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो. तो त्यांनी बाईंपुढे ठेवला, तक्रार म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

रंगमंचावर एक वृद्ध बाई हात जोडून उभ्या होत्या. एवढंच कळत होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेडाचा डाग. मागे पडद्याची चुणीन् चुणी मात्र लख्ख.

"पन्नास वर्षं काम केलं त्यांनी. हा शेवटचा प्रयोग. शेवटचा नमस्कार, ताई, आणि मी समोर उभा. महिनाभरात गेल्या. मुलं माझ्याकडे आली, म्हणाली, त्या रात्रीचा आईचा एक फोटो द्या. माझ्याकडे एकशे बारा फोटो होते. एकशे बारा पडदे." काका फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हटलं, माझे डोळे गेलेत, मला वेळेवर कळलं नाही. चांगली मुलं आहेत. चहा पाजला मला. पुढच्या प्रयोगापासून नाटकमंडळीनेही दुसरा माणूस बघितला. मीच म्हटलं, बघा."

काकू पर्सचा बंद पिळत होत्या. कधी ना कधी त्यांनीही मनात म्हटलं असणार की गेले यांचे डोळे, आणि ते तोंडातून निघू नये म्हणून वर्षभर चष्म्यांनाच बोल लावत बसल्या असणार. बाईंना ते आत्ता कळलं.

"कोण घेतंय कॅमेरा?" त्यांनी विचारलं. पेन अजून उघडलं नव्हतं.

"माझ्या मित्राची मुलगी. माझ्याच हाताखाली शिकली. तीही नाटकांचेच फोटो काढते. तिची नजर तरुण आहे, तिला देईल हा कॅमेरा साथ." काकांचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. "तिने कागद मागितलेला नाही हो. मीच म्हटलं, पोरीला वस्तू द्यायची तर लेखी देऊ. उद्या तिला वाटायला नको, की काकांनी गळ्यात मारली."

साहेब पडद्याच्या फटीत येऊन उभे राहिले होते. बाईंना न बघताही ते जाणवलं. त्यांनी पेन उघडलं, कॅमेरा उलटा केला आणि त्याच्या बुडाशी कोरलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतला नंबर कागदावर उतरवायला घेतला. बावीस वर्षं असले नंबर उतरवून बाईंचेच डोळे आता भिंग मागत होते. त्यांनी अंदाजाने शेवटचा आकडा लिहिला.

"आठ," काका म्हणाले.

"काय?"

"शेवटी आठ आहे. तुम्ही तीन लिहिलात." ते काउंटरच्या पलीकडे हातभर अंतरावर उभे होते. चष्मा खिशात होता. नंबर त्यांच्या बाजूने उलटा होता. "तेवढं दुरुस्त करा. उगाच पोरीला अडचण व्हायला नको."

बाईंनी भिंग घेऊन बघितलं. आठच होता.

रेडिओने बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान किंचित हलवली, कागदाच्या दिशेने : सही. काकू बाकावरून अर्धवट उठल्या होत्या, कारण सगळे एकमेकांकडे का बघतायत ते त्यांना कळेना. बाईंना घरातली ती कंबर धरलेली आकृती दिसली, महिनाअखेरचा पगार दिसला. आणि त्या वृद्ध नटीच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसून, हातात कप घेऊन, न केलेल्या गुन्ह्याची माफी मागणारा हा माणूसही दिसला. ती माफी आता कुणी परत आणून देऊ शकणार नव्हतं. तो फोटोही नाही.

"झालं का?" काकांनी हळूच विचारलं. "सही राहिली वाटतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"काका, तुमचे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यात दोष आहे. या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांत आहे."

"ताई," मागून साहेबांचा आवाज आला.

"आणि मला ते तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून माहीत होतं."