मोहाखालची काळी जमीन

गुणवंतरावांनी अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. म्हणजे चित्रकलेचा तास असेल तेव्हा. उरलेल्या वेळात त्यांना खेळ, गणित घ्यायला आणि खिचडीवर नजर ठेवायला लावलं, कारण चित्रकला म्हणजे अर्धी सुट्टीच, असं शाळेचं मत होतं. त्यांचा नियम एकच. पाह्यलं नाई ते काढायचं नाई. दोन डोंगरांत सूर्य काढणाऱ्या पोराला ते म्हणत, "कुठी पाह्यला? चाल, दाखव मले." आणि खरंच चप्पल घालत.

नववीतल्या रिनाला रेल्वे काढायची होती. पाहिली नव्हती, म्हणून काढता येत नव्हती.

मार्चअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी जिल्ह्याबाहेर, चंद्रपूरला चित्रस्पर्धा होती. शाळेतून एकच चित्र जायचं, सोबत काढणारा. रिनानं मोहाचं झाड काढलं. झाडाखाली काळी जमीन, तिच्यावर पिवळट फुलं.

मुख्याध्यापक लोकेश सर नागपूरचे. "काळं काऊन? गवत काढ. एक हरीण टाक."

"पाला जाळतो ना सर आमी. मंग फुलं दिसते वेचाले."

"स्पर्धेत जंगल जाळलेलं पाठवू? हिरवं कर, फॉर्मवर सही करतो."

तिथं साहेबलोक येणार होते. साहेबलोकांना जंगल हिरवंच लागतं. मोह वेचायला त्यांना कोणी पाठवत नाही.

गुणवंतराव रिनाला वर्गात घेऊन गेले. हिरव्या रंगाची बाटली पुढं ठेवली. "लाव. चंद्रपूरले रेल्वे पाहून येशील."

"सर, मार्चात मोहाखाली गवत तुमी पाह्यलं का?"

"नाई."

"मंग?"

त्यांनी बाटली उचलून कपाटात ठेवली. लोकेश सरांनी दुसऱ्या पोराचं हरीण पाठवलं. हरणाला तिसरं बक्षीस मिळालं.

निरोपसमारंभात गुणवंतरावांना फ्रेम दिली. छापील हरीण, भरपूर गवत. दुसऱ्या दिवशी रिना, तिची आई बायनाबाई आणि फ्रेम घेऊन ते बसनं बल्लारशाच्या रेल्वे स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्मवर तासभर बसले. कोळशाची मालगाडी आली, थांबली, गेली. बायनाबाई म्हणाली, "एवढ्यासाठी आलो का आपण?"

सरांनी पिशवीतून रंग काढले आणि फ्रेम उलटी केली. मागचा पुठ्ठा कोरा होता.

रिना त्यावर पुष्कळ वेळ रेल्वे काढत बसली. डब्यांमागून डबे, सगळे काळे.

"हिरवं कुठी दिसलं का?" सरांनी विचारलं.

"सिग्नल होता, सर."

"मंग तेवढं लाव."