सोफ्याची साक्ष

मी बाक बोलतोय. साधा, पाठ नसलेला, चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढा लाकडी बाक. आणि आधीच सांगून टाकतो, मी रागावलेलो आहे. गोडगोड आठवणी ऐकायला कोणी बसलं असेल तर त्याने खुशाल उठावं.

माझा मालक सुतार. त्याचं लग्न ठरलं तेव्हा घरात बायकोला बसायला काही नव्हतं. कोणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या जुन्या दाराची फळी त्याने घरी आणली, रंधा मारून गुळगुळीत केली, खाली चार पाय बसवले आणि मी उभा राहिलो. माझ्या अंगात एक खिळा नाही हो, सगळे सांधे खाचेत बसवलेले. नवी नवरी माझ्यावर टेकली आणि म्हणाली, "छान आहे की. डुगडुगत नाही." एवढं कौतुक मला वर्षानुवर्षं पुरलं. तिला मी पुरलो नाही, रडगाणं काय ते तिथूनच सुरू होतं.

ही माणसं येशूला मानणारी. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या घरांत आळीपाळीने प्रार्थनासभा व्हायची. आधी गाणी, मग प्रार्थना, शेवटी साक्ष. साक्ष म्हणजे उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. आमच्याकडे सभा असली की लोक गुडघे टेकून कोपरं माझ्यावर ठेवायचे, त्यामुळे कोणाच्या मनात काय शिजतंय ते मला पाळकसाहेबांच्या आधी कळायचं. खरं सांगू? अर्ध्या प्रार्थना शेजारच्या घरातल्या वस्तूंबद्दल असायच्या.

मग मोठ्या जाऊबाईंकडे सोफा आला. झालं. तेव्हापासून मी मालकिणीच्या डोळ्यांत खुपायला लागलो. पुढची सभा आपल्याकडे आहे, देवाची माणसं काय या लाकडावर बसवायची, असं ती नवऱ्याला म्हणाली. या लाकडावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं देवाची माणसं कशावर बसत होती, हवेत? मालकाने थोडी कुरकुर केली, पण बायकोचा उतरलेला चेहरा त्याला कधीच बघवला नाही. सोफा हप्त्यावर आला. माझी रवानगी मागच्या अंगणात, नळाशेजारी झाली.

सभेच्या दिवशी मागचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढलेलंच नव्हतं. जो बसेल तो घसरायचा. मंडळीतल्या म्हाताऱ्या आत्याबाई त्यात अशा रुतल्या की दोघींनी हात धरून त्यांना उपसून काढलं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण मग मालकीण साक्ष द्यायला उभी राहिली. प्रभूने आम्हाला हा सोफा दिला, म्हणाली. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

प्रभूने दिला? प्रभू काय दुकानात सही करायला गेला होता? सही करणारा सुतार कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. आणि ज्या प्रभूचं नाव घेतलं तो स्वतः सुताराच्या घरात वाढलेला. त्याला विचारलं असतं, तर त्याने आधी मागच्या अंगणात येऊन माझ्या सांध्यांवरून हात फिरवला असता.

पुढे मालकाची कामं कमी झाली आणि हप्ते थकले. दुकानदार घरी आला. तसा भला माणूस. भरलेले पैसे बुडाले समजा, सोफा परत द्या, विषय संपला, असं म्हणाला. सरळ गोष्ट होती. पण आमच्या माणसांना ती सरळ दिसेल तर शपथ. साक्ष दिलीय, मालकीण म्हणत राहिली, आता सोफा परत गेला तर लोक प्रभूला नावं ठेवतील. ती लबाडीने बोलत नव्हती. तिला मनापासून तसं वाटत होतं, म्हणून तर माझी जास्त चिडचिड व्हायची. लबाड माणसाला निदान कधी थांबायचं ते कळतं.

एका दुपारी मालक हत्यारांची पेटी घेऊन मागे आला. रंधा, पटाशी, करवत, गुण्या, एकेक काढून त्याने माझ्यावर मांडलं आणि तेलाच्या फडक्याने पुसायला घेतलं. मालकीण धुणं वाळत घालायला बाहेर आली.

"हे काय काढलंत?"

"उद्या एक जण बघायला येतोय. सगळी पेटीच घेणार म्हणतो."

"आणि तुम्ही काय करणार?"

"कारखान्यात खोकी उचलायला माणसं हवीत." त्याने वर पाहिलं नाही. "हप्ते तर भागतील. तुझी साक्ष खोटी पडायला नको."

तिच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. ती माझ्यावर बसली. नळाच्या पाण्याने माझा एक पाय कुजला होता, त्यामुळे मी कलंडलो.

"हा डुगडुगायला लागला," ती म्हणाली.

"पाण्यात राहिला ना," मालक म्हणाला.

तिने रंधा उचलला. नवऱ्याच्या तळव्याने त्याची मूठ झिजून त्याच्याच हाताच्या घडणीची झाली होती. तिने तो मांडीवर घेतला आणि हमसून रडली. मग डोळे मिटले. मी वाट पाहत होतो, आता काय मागतेय म्हणून. तिने काही मागितलं नाही. "बापा, तू दिलं होतंस," एवढंच म्हणाली, "मलाच दिसलं नाही." मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "अहो, पेटी भरा. सोफा जाऊ दे."

सोफा गेला. पुढची सभा तिने हट्टाने आपल्याकडेच मागून घेतली. लोक आले आणि रिकामी खोली बघून एकमेकांकडे पाहू लागले. मला आत आणलं होतं. मालकाने एक पाय नवा बसवला होता, दुसऱ्याच लाकडाचा, फिकट. साक्षीच्या वेळी ती उभी राहिली.

"मागे मी म्हटलं होतं, प्रभूने सोफा दिला. त्याने दिला नव्हता. जाऊबाईंचा बघून मी हप्त्यावर आणला आणि पावती देवाच्या नावावर फाडली. त्यापायी यांची हत्यारं जाणार होती. प्रभूने मला यांचे हात दिले होते आणि हा बाक दिला होता. ते पुरत होतं. आताही पुरतंय."

कोणी आमेन म्हणेना. मग आत्याबाई म्हणाल्या, "आमेन. आता मला त्या बाकावर बसव बाई, त्या मऊ खड्ड्यात माझा जीव जात होता." तेव्हा कुठे माणसं हसली आणि सतरंजीवर सैलावून बसली. नंतर गुडघे टेकल्यावर मोठ्या जाऊबाईंची कोपरं माझ्यावर आली, आणि आमच्याही सोफ्याचे हप्ते थकलेत रे देवा, असं त्या पुटपुटल्या.

आता मी खिडकीखाली असतो. मालकीण सकाळी माझ्यावर बसूनच प्रार्थना करते, आजच्यापुरतं मागते आणि कामाला लागते. पूर्वी रात्री कूस बदलत राहायची, आता पडल्या पडल्या झोपते. माझा राग गेला का? मुळीच नाही. पावसाळी हवेत तो फिकट पाय अजून कुरकुरतो आणि मला नळ आठवतो.

तुमच्याही मागच्या दारी कोणी भिजत पडलं असेल, त्याला आत घ्या. आणि देवाने काय दिलं ते सांगायला उभे राहाल, तेव्हा तोंड उघडण्याआधी एकदा मागे वळून बघा, आत्ता कशावरून उठलात ते.