तंबाखूच्या गोदामातला वायपर

मी वायपर बोलतोय. काचेवर इकडून तिकडं फिरतं ते रबर नव्हे, त्याला सगळे ओळखतात. त्याला फिरवणारा जो मागं अंधारात बसलेला असतो, तो मी. पोरं मला मोटर म्हणतात. म्हणोत. लॉरीवाल्यांच्या तोंडी मी वायपरच होतो, आणि या वयात नवं नाव घेऊन मला कुठं जायचंय?

शिकल्यासारखं बोलणं मला जमत नाही. शाळेत गेलो तो म्हातारपणी, तेही पिशवीत बसून. पण एक गोष्ट सांगायची आहे. ती मला ठाऊक आहे आणि एका पोरीला. पोरगी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

माझा मालक गुंडुराव. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातला, घरी मराठी बोलणारा लॉरी ड्रायव्हर. वाडवडील म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. याच्या हाती स्टेअरिंग आलं. पिरियापट्टणहून तंबाखू भरायचा, कृष्णराजनगरहून भात. मडिकेरीच्या रस्त्याला पाऊस कोसळायला लागला की मला म्हणायचा, "मुदुका, आता तू आणि मी." मुदुका म्हणजे कन्नडात म्हातारा. मी नवा होतो तेव्हापासून कुरकुरायचो, म्हणून हे नाव.

एवढ्या वर्षांत त्याच्या हातून साधं कुत्रंसुद्धा लॉरीखाली आलं नाही. तो म्हणायचा, ही आयुधपूजेची पुण्याई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा होते. लॉरी धुवायची, विभूती लावायची, हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यावरून पुढं घ्यायची. लिंबं फुटली की वर्षाची पीडा गेली. मग त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. त्याचाही आराम असतो. माणसाला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण चांगलं शिकवलं.

लॉरी मोडीत गेली तेव्हा गुंडुरावानं भंगारवाल्याला सांगितलं, "सगळं ने. हा मात्र माझा." मला फडक्यात गुंडाळून त्यानं खाटेखालच्या पेटीत ठेवलं. तिथं मी पडून राहिलो. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला हाक मारली नाही.

मग एकदा पेटी उघडली ती त्याच्या नातीनं, रक्षितानं. दहावीतली पोरगी. शाळेत रोबो करायचा होता, त्याच्या हाताला जोर असलेली मोटर हवी होती.

"आज्जा, ही चालते का अजून?"

"मी चालत नाही आता. तो चालेल."

बॅटरी जोडली. मी फिरलो. म्हातारा खाटेवर उठून बसला आणि नुसता बघत राहिला.

रोबो म्हणजे काय ते ऐका. खोक्याएवढा पत्र्याचा सांगाडा, चार रबरी चाकं, वर एक हात, आणि मेंदू म्हणून हिरवी पट्टी. पोटाखाली बारीक डोळ्यांची रांग. जमिनीवरची पांढरी रेघ त्या डोळ्यांनी बघायची, रेघेवरून चालायचं, वाटेतला ठोकळा उचलून पलीकडं नेऊन ठेवायचा. उचलायचं काम माझं. कुठं वादळी पावसात काच पुसणारा मी आणि कुठं हा थर्माकोलचा ठोकळा. पण तक्रार केली नाही. खाटेखाली पडण्यापेक्षा बरं.

त्या हिरव्या पट्टीत अक्कल भरायचा तो साकेत. रक्षिताच्या वर्गातला. याचं घराणं रंगाऱ्यांचं, पण रंग केव्हाच सुटला होता. बाप दामोदरराव इस्त्रीचं दुकान चालवायचा. पोरगा अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचा आणि काम अडलं की गप्प बसायचा. मला असली माणसं आवडतात.

"अरे, जेवलास का तू?" रक्षिता विचारायची.

"आयितु."

"काय आयितु, झालं म्हणे? डबा तर बंद आहे."

"मग नाही जेवलो. सुम्ने, उगाच डोकं खाऊ नको गं, वळणावर चाक घसरतंय."

"तुझं डोकं खाऊन पोट कुणाचं भरणार आहे? आत आहे काय?"

तो हसायचा. दिवसभरात तेवढंच.

दामोदररावानं पोराला बजावून ठेवलं होतं. बंगळुरूच्या स्पर्धेत नंबर आला तर डिप्लोमाला घालतो. नाही आला तर दहावी झाल्यावर पिरियापट्टणला मामाच्या गोदामात जायचं. हे तो गुंडुरावाच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोलला होता. वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. सुष्मा मिस, त्या पोरांच्या शाळेतल्या बाई, म्हणाल्या, "नंबर येईल हो, मशीन छान चालतंय." आणि खरंच चालत होतं. वळणावर चाक घसरायचंही थांबलं होतं.

स्पर्धा दसऱ्याला लागून आली. शाळेला सुट्टी, म्हणून रोबो गुंडुरावाच्या घरी आणला. आयुधपूजेच्या सकाळी म्हातारा अंघोळ करून, पंचा नेसून तयार. त्याच्याकडं गाडी उरली नव्हती. कैक वर्षांनी पूजेला चार चाकं मिळाली होती. ओल्या फडक्यानं त्यानं आम्हाला पुसलं, विभूती ओढली, शेवंतीचा हार घातला. मला वेगळं कुंकू लावलं. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

मग चाकांखाली लिंबं. लॉरी असती तर लिंबू आपसूक चिरडलं असतं. हा सांगाडा हलका, लिंबावर चढून नुसता डुलत राहिला.

"आज्जा, राहू दे की," रक्षिता म्हणाली.

"राहू दे कसं? पोरांचं काम आहे." म्हाताऱ्यानं लिंबं अर्धी चिरून ठेवली आणि दोन्ही हातांनी वरून दाब दिला. लिंबं फुटली. रस खालून उडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साकेतनं वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडून घेतलं.

उडालेला रस पोटाखालच्या डोळ्यांवर बसला. कुणी उलटून बघितलं नाही. बघणार कसं? पूजेला बसलेल्या यंत्राला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी दसरा, सगळं गाव मिरवणुकीला, रस्ते बंद. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बंगळुरू.

तिथं हॉलमध्ये काळी गादी अंथरलेली, तिच्यावर पांढरी रेघ. सुरुवात झकास झाली. पहिलं वळण घेतलं, मी ठोकळा उचलला. पण त्या वाळलेल्या चिकट रसावर गादीची बारीक धूळ बसत चालली होती. दुसऱ्या वळणाला डोळे मिटले. मी ठोकळा वर धरून होतो आणि खालचा सांगाडा आंधळ्यासारखा गादीबाहेर निघाला. शिट्टी वाजली.

आणखी एक संधी होती. साकेत लॅपटॉपसमोर बसला, भराभर आकडे बदलले. या खेपेला पहिलं वळणही साधलं नाही.

"मी आगगाडीत प्रोग्राममधला एक आकडा बदलला होता," तो मिसना म्हणाला. "तिथंच गेलं. मीच केलं."

मिस म्हणाल्या, "जाऊ दे रे." कोण जाऊ देतंय. पोराच्या तोंडाचा रंग उडाला होता.

घरी आल्यावर रक्षितानं रोबो उलटा केला. डोळ्यांवर तपकिरी चिकट थर, त्यात धागे, एक लिंबाची बी. तिनं बोट लावलं, वास घेतला. तशीच बसून राहिली. तेवढ्यात खाटेवरून म्हातारा म्हणाला, "रक्षू, पूजेत माझ्या हातून काही राहिलं का गं?"

पोरीनं फडकं भिजवून पिळलं. मग म्हणाली, "नाही आज्जा. पूजेचं काही नाही. साकेतचा प्रोग्राम चुकला." आणि ओल्या फडक्यानं तिनं डोळे पुसून टाकले. रोबोचे आधी, मग स्वतःचे.

मी तिला दोष देत नाही. म्हाताऱ्याकडं लॉरी राहिली नव्हती, तब्येत राहिली नव्हती. एवढीच एक गोष्ट उरली होती, की आपल्या पूजेनं कुणाचं वाईट झालं नाही. ती तिनं राखली. पण राखली ती दुसऱ्याच्या जिवावर, हेही म्हणतो. मला गोड बोलता येत नाही.

दहावी झाली. साकेत पिरियापट्टणला निघाला. रक्षिता बस स्टँडवर आली, मला रोबोतून सोडवून पिशवीत घातलं होतं.

"हा घे. आज्जाच्या लॉरीचा आहे."

"मला कशाला? पुढच्या वर्षी शाळेला लागेल की."

"घे म्हटलं ना. आणि साकेत..."

"काय?"

बस सुटत होती. कंडक्टर ओरडत होता. "काही नाही. जेवत जा वेळेवर," ती म्हणाली.

तेव्हापासून मी इथं आहे, मामाच्या गोदामात, खिडकीच्या कट्ट्यावर. तंबाखूची धूळ सगळीकडं आहे, माझ्या दात्यांतही गेली आहे. साकेत गठ्ठे मोजतो, खोकतो. दुपारी हमाल जेवायला बसले की कधीमधी जुन्या बॅटरीला मला जोडतो. मी कुरकुरत फिरतो.

"हे काय रे?" हमाल विचारतात.

"आमच्या रोबोचा हात. हा एकदम करेक्ट होता. चुकलो मी." असं म्हणून तो तार काढतो. आता त्याला डिप्लोमाचं विचारलं तर म्हणतो, आपल्याला जमण्यातलं नाही ते.

मी फिरतो, थांबतो, एवढंच मला येतं. त्याला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तंबाखूच्या सौद्याला इकडं आलात तर गोदामाच्या खिडकीपाशी एक बारीक पोरगा दिसेल. म्हाताऱ्याचं नाव काढू नका. लिंबाचंही बोलू नका. त्याला एवढंच सांगा, बाळा, तुझा प्रोग्राम बरोबर होता.