उचकटली

परदेशातल्या कोर्टात साक्षीला उभी होती लॉन्ड्रीत रात्रपाळी करणारी एक मराठी बाई. चार वर्षांच्या लेकीला, चिंगीला झोपवून, बाहेरून कडी लावून ती कामावर जायची. घरात तिसरं माणूस नव्हतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली, बालकल्याण खात्याची माणसं आली आणि पोर घेऊन गेली. खात्याच्या अहवालात त्याला 'रिमूव्ह' म्हटलं होतं.

"काय झालं ते सांगा," न्यायाधीशबाई इंग्रजीत म्हणाल्या. दुभाषीनं ते मराठीत सांगितलं.

"चिंगीनं दाराची चौकट गच्च धरली होती हो," आई म्हणाली. "त्यांनी तिची बोटं एकेक करून उचकटली."

दुभाषी अडली. 'टेक'? फारच मिळमिळीत. 'पुल'? तेही नव्हे. मग ती म्हणाली, "प्राय्ड."

खात्याचा वकील ताडकन उठला. "आमच्या कागदात असा शब्द नाही!"

"यांच्या तोंडात आहे," दुभाषी म्हणाली. "गंजलेल्या डब्याचं झाकण उचकटतात ना, तोच."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. आईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, आता पोर मिळणार.

मिळाली नाही. बोटं उचकटणाऱ्यांना न्यायाधीशबाईंनी खडसावलं खरं, पण लहानगं पोर रात्रभर कोंडून ठेवण्याकडे त्यांना काणाडोळा करता येईना. चिंगीला दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यात येईल, आईनं आठवड्यातून एकदा भेटावं. दुभाषी हे आईला आडवळणानं सांगू लागली.

"ताई, गोल गोल नको. देणार नाहीत ना?"

"नाही."

आई रडली नाही. बाहेर जिन्यापाशी मात्र तिनं दुभाषीचा हात धरला. "थोपटल्याशिवाय झोपत नाही हो ती. पाठीवर नाही, कुशीवर वळवून, कमरेपाशी. त्या घरच्या बाईंना एवढं कळवा. थोपटण्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

'पॅट' म्हणतात. पण कुत्र्यालाही तेच करतात. पक्षकारांच्या भानगडीत पडायची दुभाषीला सक्त मनाई होती, तरी तिनं खात्याकडून आलेल्या एका बाईंना गाठलं आणि त्यांच्याच दंडावर थोपटून दाखवलं. "असं. हळूहळू. झोप लागेपर्यंत."

"सांगते," त्या बाई खाली बघत म्हणाल्या.

दुभाषी परतली तेव्हा आई पायरीवर बसली होती.

"आठवड्यानं ओळखेल ना हो मला?"

"अगं, असं काय बोलतेस!" म्हणत दुभाषी तिच्याशेजारी टेकली. आत पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. तिथंही दुभाषी तीच होती, पण तिला उठवेना.