वरची बाळंतीण

जावयाच्या पहिल्या दिवाळीला आपल्या दारात फटाका वाजणार नाही, हे आमच्या ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी लाडवाच्या पाकाची तार बघत होते. पाकाचा कढईतच दगड झाला. तो दगड ह्यांच्या डोक्यात घालावा, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"अहो, आपल्या लेकीची, वसंताची तलै दीपावळी आहे!" मी ओरडले.

"अय्यो," म्हणत हे चुलीशेजारी मटकन बसले. "विसरूनच गेलों की."

मद्रासेत लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे मुलीच्या माहेरची परीक्षाच असते. पहाटे अभ्यंग, मग नवे कपडे, आणि उजाडताना जावयाने दारात पहिली वेडी लावायची. वेडी म्हणजे फटाका. माळ जितकी लांब तितकी सासऱ्याची पत मोठी. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे काढल्यावर जावयाच्या लाडात तमिळ शेजाऱ्यांच्या एक पाऊल पुढेच. आणि आमचे वेंकोबाराव हेच नेमकं विसरले. विसरले ते विसरले, वर गल्लीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी वचन घेतलं, की यंदा कुणीही फटाके वाजवायचे नाहीत. कशासाठी? तर म्हणे झाडांवर बगळ्यांनी घरटी केली आहेत.

आता ह्या झाडांचं सांगायलाच हवं. आम्ही वेस्ट मांबलमला राहायला आलो तेव्हा घरासमोर विटांसाठी माती काढून सोडलेला भला मोठा खड्डा होता. पावसात त्यात पाणी, उन्हाळ्यात कचरा आणि बारा महिने डास. ह्यांची नोकरी नुंगंबाक्कमच्या एका जुन्या ऑफिसात. तिथल्या भिंतींवर पाखरांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाची रोपं उगवायची आणि साहेब ती उपटून फेकायला लावायचे. हे ती उचलून घरी आणायचे. सकाळी ज्या डब्यातून दहीभात न्यायचे, त्याच डब्यातून संध्याकाळी वडाचं पोर घरी यायचं. माझ्या स्टीलच्या डब्याला कायम मातीचा वास. मी किती बोलले, पण ऐकतील तर ना.

खड्ड्याच्या काठाने वड, पिंपळ, औदुंबर लागले. पुढे लोकही कडुलिंब, करंज, जांभूळ आणून लावू लागले. ह्यांनी रीतच घातली, की संध्याकाळी प्रत्येक घराने आपल्या झाडाला एक कुडम, म्हणजे घागरभर, पाणी घालायचं. आमच्या वाट्याला दारासमोरचा औदुंबर. पाणी घालणार कोण? मीच. मद्रासच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसत असताना कमरेवर घागर घेऊन मी त्या औदुंबराला पाणी घातलं आणि प्रत्येक घागरीबरोबर एकेक शिवी घातली. दोन्हींवर तो चांगला पोसला.

दहा-अकरा वर्षांत तिथे रानच उभं राहिलं. इस्त्रीवाल्याची गाडी सावलीला आली, फुलवाली तिथेच गजरे गुंफायला बसू लागली, बायका दुपारचं निवडणं-टिपणं तिकडे नेऊ लागल्या. विहिरीला पाणी टिकू लागलं. खारी, पोपट, वटवाघळं, सगळे येऊन राहिले. आणि त्या वर्षी पहिला पाऊस झाला तसे बगळे आले. तेही नेमके माझ्या औदुंबरावर. घरटी झाली, अंडी घातली, मग तर ह्यांचं घरात लक्षच लागेना. "इतकी वर्षं वाट बघितली, लक्ष्मी," म्हणायचे. "ही पाखरं वेड्यांच्या आवाजाने एकदा उठली तर पुन्हा यायची नाहींत."

खरं असेल. पण मला काळजी होती माझ्या मुलीची.

आमच्या विहीणबाई, सईबाई, खास तंजावरच्या. लग्नात दुसऱ्या वाढीला पायसम जरा पातळ झालं, तर "मद्रासेंत येऊन हात आखडतो वाटतें," असं त्यांनी चारचौघांत ऐकवलं होतं. वसंताने ते मान खाली घालून ऐकलं. माझी पोर उलट बोलायची नाही, जन्मभर ऐकून घेईल. तिला सासरी 'तुझ्या बापाने एक माळसुद्धा लावली नाही' असं ऐकावं लागेल, ह्या विचाराने मला झोप लागेना.

"आपल्या घरापुरती सूट मागा की लोकांकडे," मी ह्यांना म्हटलं.

"लोकांचा शब्द घेतला म्हणजे माझाही दिलाच की," हे म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता, पण सूट काही मागितली नाही.

मग मी माझं केलं. हे ऑफिसात गेल्यावर स्टेशनापलीकडच्या बाजारात जाऊन चांगली लांबलचक माळ आणली आणि माळ्यावर, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या पेटीत लपवली. बाहुल्यांनी काही चुगली केली नाही.

दिवाळीला जावई आले, विजयकुमार, आणि बरोबर सईबाईही आल्या. पहाटे अभ्यंग झालं. तोंड वाकडं करत सगळ्यांनी लेहियमची, म्हणजे फराळ पचवायच्या औषधी लेह्याची, गोळी गिळली. विजयकुमार नव्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, आणि वसंता नव्या साडीत ओसरीवर येऊन उभे राहिले. सईबाईंनी डोकं बाहेर काढून गल्लीकडे कान दिला.

"दीपावळी इथें आहे ना?" त्या म्हणाल्या. "की मद्रासेंत उद्यां असते?"

वसंताने मान खाली घातली. अगदी लग्नात घातली होती तशीच. ते मला बघवेना. मी शिडी लावली, माळ खाली आणली आणि जावयाच्या हातात ठेवली. हे जागच्या जागी उभे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि आत जाऊन काडेपेटी आणून दिली. हे भांडले असते तर मी चांगली भांडले असते. पण हे गप्प राहिले आणि मला रडूच यायला लागलं.

अंगणात माळ अंथरली. समोरच्या दारांतून गल्लीतली पोरं बघत उभी होती, नव्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी. कुणी ओरडलं नाही, की कुणी 'आम्हांला का नाही?' म्हटलं नाही. विजयकुमारने काडी काढली. तेवढ्यात औदुंबरावर टकटक, टकटक सुरू झालं. पिल्लं भुकेली होती. रिमझिम पडत होती आणि बगळी त्यांच्यावर पंख पसरून बसली होती. मी त्या झाडाला इतकी वर्षं पाणी घातलं होतं. झाड ह्यांचं नव्हतं, गल्लीचंही नव्हतं. माझं होतं!

"थांबा!" मी पुढे होऊन काडेपेटी हिसकावली. "विहीणबाई, माझ्या दारात बाळंतीण आहे."

सईबाई चमकल्या. त्यांनी आधी वसंताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण?"

"या, दाखवते."

मी त्यांचा हात धरून त्यांना झाडाखाली नेलं आणि वर बोट केलं. सईबाईंनी मान वर केली. बगळीने खाली पाहिलं. आणि कुणास ठाऊक कोणत्या मुहूर्तावर, वरून एका पिल्लाने सईबाईंच्या नव्याकोऱ्या रेशमी लुगड्यावर पांढरी धार सोडली.

वसंता भिंतीला टेकली. आमचे हे देवाचं नाव घेऊ लागले. सईबाईंनी खांद्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"तीन दिसतात," हे कसेबसे म्हणाले.

"तिळीं! आणि हाताशीं कोणी नाहीं." सईबाईंनी पदर झटकला. "विजया, ती वेडी आंत ने. बाळंतिणीच्या उशाशी आवाज करतात काय रे? आणि तूं वसंता, अशी काय उभी? माझीं पांच वाढवलींत मी, लुगडं कधीं सुकें होतें? जा, पाणी आण."

वसंता हसली. लग्नानंतर तिला सासूसमोर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, तर सईबाईंनी त्यांनाही 'श्श' केलं.

आता वेडीशिवाय जावयाने दारात करायचं काय? ह्यांच्याकडे जांभळाचं रोप तयारच होतं, ह्यांच्याकडे असायचंच. विजयकुमारने नवी वेष्टी वर खोचली आणि ओल्या मातीत ते लावलं. गल्लीतल्या इतर नव्या जावयांनाही पुढे तेच करावं लागलं.

पुढच्या वर्षी आश्विनात वसंता बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दिवाळीला सईबाई नातीला बघायला तंजावरहून आल्या. मी ओवाळायला दारात ताट घेऊन उभी, तर त्या उंबऱ्याकडे यायच्याआधी औदुंबराखाली जाऊन थांबल्या आणि मान वर केली.

"लक्ष्मीबाई, वरची आली काय हो?"

"आली," मी म्हटलं.

"मग बरें," म्हणाल्या, आणि पदर सावरून घरात आल्या.

त्या दिवाळीला गल्लीत कुणी कुणाकडून वचन घेतलं नव्हतं. तरी एकही वेडी वाजली नाही. वरच्या बाळंतिणीसाठी की आतल्या, ते मी कुणाला विचारलं नाही. नात माझ्या मांडीवर गाढ झोपली होती.